तेलगिरण्यांच्या अडचणीचे खापर कोणावर? एका दाव्याचा प्रतिवाद

मुक्त व्यापार करार झाला की परदेशी तेल शुल्काविना देशात शिरते, गिरण्यांचे गाळप थांबते, शेतकरी तेलबिया सोडून देतो आणि म्हणून अशा प्रत्येक करारातून खाद्यतेल वगळलेच पाहिजे, असा एक मजकूर मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जातो. त्यामागची चिंता अनाठायी नाही. चूक आहे ती कारणांच्या मांडणीत.

करारामुळे तेल शुल्कमुक्त होते, हा त्यातील पहिला मुद्दा. भारताचे उदाहरण पाहावे. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी झालेला वस्तुव्यापार करार जानेवारी २०१० मध्ये लागू झाला आणि त्यात कच्च्या पामतेलावरील शुल्काची कमाल मर्यादा ८० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ३७.५ टक्क्यांवर, तर शुद्ध पामतेलाची ९० वरून ४५ टक्क्यांवर, तीही २०१९ अखेरपर्यंत, आणायची होती. शून्याचा तेथे संबंधच नव्हता. उलट, हा करार लागू होण्याच्या पावणेदोन वर्षे आधी, एप्रिल २००८ मध्ये, महागाईच्या दडपणाखाली भारत सरकारने कच्च्या खाद्यतेलांवरील शुल्क स्वतःहून शून्यावर आणले होते. पामतेलाची आयात तर १९९४ मध्येच खुली झाली होती. सोयाबीन तेलावर ४५ टक्क्यांहून अधिक शुल्क लावता येत नाही, तेही जागतिक व्यापार संघटनेला दिलेल्या वचनामुळे. कोणत्याही द्विपक्षीय करारामुळे नव्हे.

दुसरा मुद्दा गिरण्या बंद पडण्याचा. येथे दाव्याची खरी गफलत होते, कारण तो दोन वेगळे धंदे एकच समजतो. बी गाळून तेल आणि पेंड काढणाऱ्याला स्वस्त कच्चे तेल मारक ठरते. रिफायनरीला मात्र तोच कच्चा माल असतो. त्यामुळे शुल्क किती आहे यापेक्षा बी, कच्चे तेल आणि शुद्ध तेल यांच्या शुल्कांत अंतर किती आहे, यावर कोणता कारखाना चालणार हे ठरते. मे २०२५ च्या अखेरीस भारताने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलांवरील मूळ शुल्क २० वरून १० टक्के केले, तेव्हा उपकर धरून शुद्ध तेलाशी असलेले अंतर ८.२५ वरून १९.२५ टक्के झाले. रिफायनऱ्यांना दिलासा मिळाला, गाळप करणाऱ्यांचे संरक्षण घटले आणि या निर्णयात कोणत्याही कराराचा हात नव्हता.

करार या अंतरावर घाला घालतो तेव्हा मात्र तक्रार रास्त असते. मलेशियाशी आधी झालेल्या करारानुसार २०१९ मध्ये तेथील शुद्ध पामतेलावरील शुल्क ४५ टक्क्यांवर आले; कच्च्यावर ते ४० टक्के होते. पाच टक्क्यांच्या फरकात देशात शुद्धीकरण करणे परवडेना, शुद्ध तेलाची आयात वाढली आणि सप्टेंबरमध्ये सरकारला सहा महिन्यांसाठी पाच टक्के जादा शुल्क लावावे लागले. निर्यातदार देशही हेच अंतर आपल्या बाजूने वळवतात. इंडोनेशियाने २०११ मध्ये कच्च्या पामतेलावरील निर्यात शुल्क शुद्ध तेलाहून बरेच अधिक ठेवले आणि तेथे शुद्धीकरणाची क्षमता झपाट्याने वाढली. अर्जेंटिनात अनेक वर्षे सोयाबीनवर ३५ टक्के, तर तेल व पेंडीवर ३२ टक्के निर्यात शुल्क होते. मुक्त व्यापार करारांचा मुख्य भर आयात शुल्कावर असतो, हे येथे लक्षात ठेवावे.

आयात वाढली की गाळप संपते, या तिसऱ्या मुद्द्याला चीनचे उदाहरण पुरेसे आहे. जागतिक व्यापार संघटनेत २००१ मध्ये प्रवेश करताना त्याने सोयाबीनवर ३ टक्के आणि सोयाबीन तेलावर ९ टक्के शुल्क स्वीकारले; आज जगात सर्वाधिक सोयाबीन तेथे गाळले जाते आणि ते प्रामुख्याने ब्राझील व अमेरिकेतून येते. या दोघांशीही त्याचा मुक्त व्यापार करार नाही. सोयाबीनमध्ये तेल पाचव्या हिश्श्याहूनही थोडे कमी आणि पेंड सुमारे चार पंचमांश असते, त्यामुळे पशुखाद्याची मागणी असेपर्यंत गाळप चालते. या भरभराटीत तेथील सोयाबीन उत्पादकाचा वाटा फारसा नाही, हेही खरे. पण त्यातून एवढेच दिसते की शेतकरी आणि कारखानदार यांचे हित एकच असल्याचे गृहीत धरता येत नाही.

दाव्यात ज्याचा उल्लेखही नाही, तो मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो: मालाच्या उत्पत्तीचे नियम, म्हणजे कोणता माल कोणत्या देशाचा मानायचा हे ठरवणाऱ्या अटी. २००० मध्ये श्रीलंकेशी करार लागू झाल्यावर तेथून भारतात वनस्पती तूप शुल्कमुक्त येऊ लागले, मात्र त्यासाठी लागणारे पामतेल श्रीलंका तिसऱ्याच देशातून आणत होती. अखेर वर्षाला अडीच लाख टनांचा कोटा ठरवावा लागला. नेपाळमार्गे येणाऱ्या शुद्ध तेलाचे मूळही असेच तिसऱ्या देशात होते. इतरांवरील शुल्क जितके वाढवावे, तितका असा आडमार्ग अधिक किफायतशीर होतो, म्हणजे दावा करणाऱ्यांचीच मागणी त्याला बळ देते. कच्चे आणि शुद्ध पामतेल सीमाशुल्काच्या वर्गीकरणात, जेथे प्रत्येक मालाला अंकी क्रमांक असतो, १५११ या एकाच चार अंकी शीर्षकाखाली येतात, फरक सहा अंकी पातळीवर पडतो. त्यामुळे प्रक्रियेनंतर मालाचे वर्गीकरण चार अंकी पातळीवर बदलले पाहिजे, अशी अट करारात असेल तर केवळ शुद्धीकरणाने माल त्या देशाचा ठरत नाही, सहा अंकी पातळी पुरेशी मानली तर ठरतो.