त्या पर्सला हसणाऱ्यांनो

आज सकाळी शिलाई मशीनवर बसायच्या आधी मोबाइल उघडला आणि डोकंच सणकलं. परवाच्या लग्नाचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर आले होते. नवरानवरी, पंगत, वरात, आणि मधेच एक फोटो नुसत्या पर्सचा. पर्स धरलेला हात, हिरव्या बांगड्या, चेहरा कापलेला. खाली लिहिलंय, "आमच्या गावची एलव्ही". एलव्ही म्हणजे लुई व्हितॉन, परदेशातली महागड्या बॅगांची कंपनी; त्या पर्सवर तिचीच अक्षरं छापलेली आहेत. त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. एकानं तर पट्ट्याला अडकवलेली घराची किल्ली मोठी करून टाकली, "किचेन पण मॅचिंग" म्हणून.

चेहरा कापला तरी तो हात मी ओळखते. शेजारच्या वहिनींचा आहे. मधल्या बोटाची नखाजवळची चीर अजून भरलेली नाही. पऱ्हाटीचं वाळलेलं बोंड टोचून टोचून वेचणीच्या दिवसांत सगळ्याच बायांची बोटं अशी होतात.

आणि ती पर्सही मी ओळखते, कारण ती माझ्या मशीनखालून गेलेली आहे. बाजारातून आणली आणि थोड्याच दिवसांत चेनचा रनर निघाला, म्हणून वहिनी दुकानात घेऊन आल्या होत्या. मी रनर बदलला, १८ नंबरची सुई लावून पट्ट्याला दोन्हीकडून दुहेरी टाके मारून दिले. आत तीन कप्पे. एकात आधार आणि बँकेचं पासबुक, एकात पोराचा शाळेचा दाखला, एकात कंगवा आणि एसटीचे सुटे पैसे. आधी हे सगळं पन्नीत गुंडाळून तहसीलला न्यायच्या. एकदा पावसात दाखला भिजला, शिक्का पुसट झाला, साहेबानं परत पाठवलं. तेव्हापासून पर्स घ्यायची त्यांच्या मनात होती. किलोच्या भावानं कापूस वेचून साठवलेल्या पैशातून घेतली. ती अक्षरं कोणाची हे त्यांना माहीत नाही. चॉकलेटी रंगावर मळ दिसत नाही आणि सोनेरी नक्षी छान वाटली म्हणून घेतली.

लग्नात काय झालं ते सांगते. नागपूरहून आलेल्या, आमच्याच नात्यातल्या एका ताईंनी पर्सवर बोट ठेवून विचारलं, "ओरिजिनल आहे का हो?" वहिनी सरळ मनानं म्हणाल्या, "हो ना, नवीच हाये. मांगच्या बजारातून आनली." चारजणी हसल्या. सगळ्या हसताहेत म्हणून वहिनीही हसल्या. मी पंगतीत वाढत होते, तिथून ऐकलं. लग्नाच्या घरी वाद नको म्हणून तेव्हा बोलले नाही. आज बोलते.

ज्या अक्षरांवरून एवढं हसू आलं, त्यांची माहिती मी दुपारी बसून वाचली. लुई व्हितॉन हा प्रवासाच्या पेट्या बनवणारा कारागीर. १८५४ मध्ये त्यानं पॅरिसला दुकान टाकलं. लोक त्याच्या पेट्यांची नक्कल करायला लागले म्हणून १८९६ मध्ये त्याच्या मुलानं ती फुलं आणि अक्षरांची नक्षी काढली. आणि त्या नक्षीच्या बहुतेक बॅगा चामड्याच्या नसतातच. कापसाचं जाड कापड, त्यावर थर दिलेला, कडांना आणि पट्ट्याला तेवढं चामडं. कापूस! जो वेचून वहिनींची बोटं फाटलीत तो कापूस. त्याचं कापड पॅरिसच्या दुकानात टांगलं की त्याला मान, आणि कापूस वेचणारीच्या हातात तसली रेक्झिनची पर्स दिसली की फोटो. हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

किल्लीला हसणाऱ्यांसाठी आणखी एक. जेन बर्किन ही इंग्लंडची नटी, फ्रान्समध्ये राहायची आणि विणलेली टोपली घेऊन हिंडायची. विमानात तिचं सामान सांडलं. शेजारी हर्मेस या महागड्या बॅगांच्या कंपनीचे प्रमुख बसले होते, त्यांच्याशी बोलणं झालं आणि १९८४ मध्ये तिच्या नावाची बॅग तयार झाली. तिनं स्वतः वापरलेली ती पहिली बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसला लिलावात सुमारे ८६ लाख युरोला गेली, म्हणजे ८० कोटींच्या वर. घासलेली, डाग पडलेली, स्टिकर काढल्याच्या खुणा असलेली. आणि तिच्या पट्ट्याला नेलकटर अडकवलेलं होतं. तिनं नेलकटर अडकवलं तर ती तिची ऐट. वहिनींनी घराची किल्ली अडकवली तर ते गावंढळ.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या नॉर्डस्ट्रॉम या मोठ्या दुकान कंपनीनं आपल्या नमकीनवाल्याची छापील कापडी थैली ४८ डॉलरला विकायला ठेवली होती. म्हणजे चार हजार रुपये. आमच्याकडे तसली थैली दिवाळीच्या किराण्यावर फुकट मिळते, आणि ती घेऊन नागपूरच्या मॉलमध्ये गेलं की दारावरचा माणूस खालपासून वरपर्यंत बघतो.

बरं, नक्कल ती नक्कलच, हे मान्य. ज्यानं नक्षी काढली त्याचं नुकसान होतं. पण मग जाब बनवणाऱ्याला विचारा, माल आणणाऱ्या ठोक व्यापाऱ्याला विचारा. बाजारात चादरीवर मांडलेल्या ढिगातून आवडली ती उचलणारी बाई तेवढी सापडते का तुम्हाला? आणि ज्याला दोन लाखांची घ्यायची त्यानं खुशाल घ्यावी, माझं काही म्हणणं नाही. दुसऱ्याच्या हातातली बघून नाक मुरडू नये.

गावातलेही कमी नाहीत. पारावर बसून म्हणतात, सोयाबीन पाण्यानं गेलं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आणि बाईले पर्स पायजे. अरे, दिवसाला तंबाखूचे किती खर्रे खाता ते कोणी विचारलं का तुम्हाला? त्या पैशात वर्षाला किती पर्सा आल्या असत्या! तो हिशोब कधीच होत नाही. बाईच्या हातात नवं काही दिसलं की लगेच घरच्या कर्जाची आठवण.

ताई, तुम्ही ही पोस्ट वाचाल हे मला माहीत आहे. तुमच्यावर खार नाही माझी. आपण दोघी एकाच शाळेत जायचो. माझ्या आईनं खताच्या चुंगडीच्या शिवलेल्या थैल्या होत्या आपल्याकडे, त्यावर युरिया लिहिलेलं. तालुक्याच्या शाळेत पहिल्या दिवशी पोरी हसल्या, तेव्हा परत येताना बसमध्ये तुम्ही ती थैली पदराखाली, म्हणजे ओढणीखाली झाकून धरली होती. मला ते आठवतं. तुम्हालाही आठवत असणार, म्हणून जास्त वाईट वाटलं. वहिनींकडे मोबाइल साधा आहे, त्यांना तो फोटो दिसणार नाही, असं कृपा करून म्हणू नका. त्यांचा पोरगा दहावीत आहे, त्याच्या मित्रांकडे मोठे मोबाइल आहेत.

माझी भाची यंदा कॉलेजला अमरावतीला जाणार आहे. तिला अशीच एक पर्स घ्यायची होती, महिनाभर सांगत होती. आज संध्याकाळी म्हणाली, "मावशी, राहू दे, साधी काळी सॅक घेते, कोणी हसणार नाही." सतरा वर्षांची पोरगी कॉलेजला जायच्या आधीच अशी अंग चोरायला शिकली. मी तिला म्हटलं, सॅक नंतर बघू, येत्या बाजाराला माझ्यासोबत चल आणि तुला आवडेल ती पर्स उचल. तिच्या आईचं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं, म्हणणं आहे की फालतू खर्च आहे. पैसे मी देणार आहे, छोटे, आणि यावर आता आपलं बोलणं झालं.