चोरीचा शिक्का मारण्यापूर्वी

आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इंडोनेशियातील दांगदुत या लोकप्रिय संगीतप्रकाराच्या एका गायिकेचा व्हिडिओ आला आणि खाली मजकूर होता, 'आपली गाणी चोरून हे लोक नाचतात.' त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मला मात्र चीड आली.

नोकरीनिमित्त पूर्व जावात असताना सिदोआर्जोजवळच्या एका लग्नात मी दांगदुत समोर बसून ऐकले आहे. घरापुढच्या रस्त्यावरच मांडव, एक कीबोर्ड, छातीत धडधडणारे स्पीकर आणि गायिकेच्या हातात एकेक नोट ठेवत नाचणारे वऱ्हाडी. ज्याने तमाशातील दौलतजादा पाहिली आहे, त्याला तेथे परके वाटलेच नसते.

हिंदी चित्रपटांच्या काही चाली त्यांनी सरळ उचलल्या, हे मान्य. पण दांगदुतचे नामांकित गायक रोमा इरामा यांनी १९७०च्या दशकात मलय सूर, हिंदी ठेका आणि रॉकची गिटार यांतून जे उभे केले, ते मुंबईत कोणी केले होते? आणि देवाणघेवाणच काढायची, तर १८९१ मध्ये जावातील सुराबाया शहरात उभ्या राहिलेल्या कोमेडी स्तांबुल या नाटकमंडळीवर आपल्या पारशी रंगभूमीची छाप होती, याचा अभिमान कोणाला आहे?

हा शिष्टपणा तिकडेही आहेच. पासुरुआनची इनुल दारातिस्ता अशाच मांडवांत गात असे. तिच्या कार्यक्रमांच्या चोरट्या व्हीसीडी बाजारात फिरल्या आणि टीव्हीने दखल घेण्याआधीच ती घराघरांत पोचली. २००३ मध्ये तिच्या कंबर फिरवण्यावर जाहीर आक्षेप घेण्यात पुढे होते ते स्वतः रोमा इरामाच! माजी राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद तिच्या बाजूने उभे राहिले, म्हणून त्यांच्याविषयी मला आदर वाटतो.

ज्या देशात १९६२ पासून १९८९ पर्यंत एकच सरकारी दूरचित्रवाणी होती, त्या देशातील लोकांनी मोबाइल हातात येताच पडद्याचा ताबा घेतला, तर नवल काय? २०११ मध्ये गोरोंतालोच्या एका पोलिसाने गणवेशात, चौकीत बसून 'छैय्या छैय्या'वर ओठ हलवले आणि साऱ्या देशाने त्याला डोक्यावर घेतले.

त्या लग्नातही एक मुलगा फोनवरून कार्यक्रम यूट्यूबवर थेट दाखवत होता. नवरीची मावशी हाँगकाँगला घरकाम करते. तिला रजा मिळाली नव्हती. तिने तेथून फर्माईश पाठवली, गायिकेने तिचे नाव पुकारून गाणे म्हटले आणि भाच्याने मावशीच्या वतीने नोट पुढे केली. मांडवातल्या बायका फोनकडे पाहून हात हलवत होत्या.

थिल्लरपणाही तेथे भरपूर आहे, नाही म्हणत नाही. अट्टा हलिलिंतार या यूट्यूबरच्या २०२१ मधील लग्नाला राष्ट्राध्यक्ष हजर राहिले आणि सोहळा टीव्हीवर थेट दाखवला गेला, हा मला अतिरेकच वाटतो. त्यापेक्षा आमचे रस्त्यावरचे लग्न शंभर पटींनी रंगले होते, आणि तेथे गाणाऱ्या बाईला कोणी माझ्यासमोर चोर म्हटले, तर मी ऐकून घेणार नाही.