रेसच्या जुन्या गाडीला डोळे झाकून रेडियल? जरा थांबा

गोव्यातल्या जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत सध्या एक संदेश फिरतोय. म्हापशापासून फोंड्यापर्यंत ज्याच्या शेडमध्ये एखादी फियाट किंवा पोर्तुगीज काळातली फोक्सवॅगन उभी आहे, त्याच्या फोनवर तो आलेला असणारच. मजकूर थोडक्यात असा: ‘रेसच्या विंटेज गाडीला बायस-प्लाय, म्हणजे आपले नायलॉन टायर, घालणं ही निव्वळ शोभेची हौस. रेडियल हा नव्या बांधणीचा टायर आला तेव्हाच रेसिंगने ते टाकून दिले. रेडियलला पकड जास्त, म्हणून गाडी नेहमीच वेगवान. रिमवर बसला की माप जुळलं. पावसात तर रेडियलच. आणि चार परवडत नसतील तर पुढे दोन रेडियल घाला, मागे जुने राहू देत.’

रोजच्या वापरातल्या गाडीबद्दल हे लिहिलं असतं तर अर्धं मी मान्य केलं असतं. पणजीला जाऊन येणाऱ्या गाडीला रेडियल उत्तमच. तो कमी तापतो, जास्त टिकतो, सरळ रस्त्यावर गाडी इकडेतिकडे ओढत नाही. पण बोलणं रेसच्या गाडीचं चाललंय.

आधी इतिहास, कारण तो सरळसरळ चुकीचा आहे. मिशलॅं या फ्रेंच टायर कंपनीचा ‘एक्स’ हा रेडियल १९४९ मध्ये बाजारात आला. फॉर्म्युला वनमध्ये रेडियल उतरला १९७७ मध्ये, रेनोच्या गाडीवर. मधली अठ्ठावीस वर्षं जगातल्या सगळ्यात वेगवान सर्किट गाड्या बायस-प्लायवरच धावल्या. १९७८ मध्ये ब्राझीलला कार्लोस रॉयटेमानने फेरारीतून रेडियलवरची पहिली फॉर्म्युला वन शर्यत जिंकली खरी, पण त्या वर्षीचं विजेतेपद गेलं मारिओ आंद्रेत्ती आणि लोटसकडे, गुडइयरच्या बायस-प्लायवर. याला ‘तेव्हाच टाकून दिले’ म्हणायचं असेल तर म्हणा.

आता पकडीचा मुद्दा. खरी गंमत इथे आहे.

बायस-प्लायमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात. बाजूची भिंत आणि रस्त्याला लागणारा पट्टा एकाच सांगाड्याचे भाग असतात, एक हलला की दुसरा हलतो. रेडियलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि पट्ट्याखाली पोलादी तारांचे थर असतात. भिंत मऊ, पट्टा ताठ. वळणावर टायरचं तोंड एका दिशेला असतं आणि गाडी जाते जराशी दुसऱ्या दिशेला. या दोहोंमधला कोन वाढतो तशी पकड वाढते, एका टोकाला पोचते आणि मग घसरते. रेडियल हे टोक लहान कोनातच गाठतो आणि ते ओलांडलं की झटकन सोडतो. बायस-प्लायचं टोक मोठ्या कोनावर येतं, आणि सोडतानाही तो आधी कळवतो. पन्नास-साठच्या दशकातले ड्रायव्हर चारही चाकं थोडी घसरवत वळण घेताना जुन्या फोटोंत दिसतात, ते नुसतं शौर्य नव्हतं. टायरच तशी मुभा देत होता.

शिवाय ताठ पट्टा रस्त्याला सपाट टेकला तरच रेडियलची जास्त पकड हाती लागते. वळणात जुनी गाडी बाहेरच्या बाजूला कलते, पुढचं बाहेरचं चाक माथ्याकडून बाहेर झुकतं, आणि पट्ट्याची एकच कड घासत राहते. म्हणून रेडियलवरच्या रेसच्या गाडीला पुढची चाकं माथ्याकडून दोन-तीन अंश आत झुकवून ठेवतात. बायस-प्लायचा पट्टा गोलसर असल्याने त्याला जवळपास उभं चाकही चालतं, आणि त्या काळातलं सस्पेन्शन त्याच हिशेबाने आखलेलं असतं. कॅम्बर (चाकाचा हा झुकाव), स्प्रिंगा, शॉकअ‍ॅब्सॉर्बर सगळं नव्याने जुळवलंत तर रेडियलवर गाडी वेगवान होऊ शकते, नाही कोण म्हणतं? पण ते खर्चाचं आणि डोक्याचं काम आहे. त्यानंतरही वाढलेला जोर जातो चाक धरून ठेवणाऱ्या जुन्या भागांवर, म्हणजे हबवर, स्टब अ‍ॅक्सलवर आणि तारांच्या चाकावर. संदेशातला ‘नेहमीच’ हा शब्द यातलं काहीच जमेस धरत नाही.

माप. प्रीमियर पद्मिनीचा मूळ टायर ५.२०-१४, म्हणजे रुंदी ५.२० इंच, रिम १४ इंच. त्याच्या उंचीच्या जवळ जाणारा रेडियल १५५/८० आर १४ (रुंदी १५५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंच), व्यास साधारण ६०४ मिलिमीटर. दुकानदार पुष्कळदा १६५/६५ आर १४ पुढे करतो, ‘रुंद आहे, बरा दिसतो’ म्हणून. त्याचा व्यास ५७०. तोही चौदाच्या रिमवर बसतोच. पण गाडी १७ मिलिमीटर खाली येते, स्पीडोमीटर सहा टक्के जास्त दाखवतो आणि गिअरिंग तेवढंच आखूड होतं, म्हणजे त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. जुन्या रिमला टायरची कड धरून ठेवणारा आतला उंचवटाही बहुधा नसतो, त्यामुळे जोराच्या वळणात ट्यूबलेस टायर कडेवरून सुटण्याची भीती वेगळीच.

पावसाबद्दल संदेश निम्मा बरोबर आहे. रेडियलचा पट्टा सपाट राहतो, खाचा उघड्या राहतात, पाणी निघून जातं. पण पाण्यावर तरंगणं हे हवेचा दाब, खाचांची खोली आणि टायरची रुंदी यांवरही ठरतं. हलक्या गाडीला रुंद रेडियल घातलात तर हातचा फायदा तिथेच घालवलात. आणि आपल्याकडच्या या गाड्या जून ते सप्टेंबर शेडमध्येच असतात. त्या चार महिन्यांत नायलॉन टायर एका जागी चपटा होतो, हा त्याचा खरा दोष. संदेशात त्याचा उल्लेखही नाही! गाडी स्टँडवर उचलून ठेवली की तो प्रश्न मिटतो. बाजूवरचा चार आकडी शिक्काही बघा: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. उन्हात कडक झालेला जुना टायर कोणत्याही जातीचा असो, रेसला बाद.

राहिला शेवटचा सल्ला, आणि हा मात्र धोक्याचा आहे. पुढे रेडियल, मागे बायस-प्लाय घातलात तर पुढची चाकं वळणात घट्ट धरतात, मागच्यांना तेवढं धरवत नाही. मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी गिरकी घेते. ब्रिटनमध्ये ही जोडी रस्त्यावरही बेकायदा आहे. मिसळायचेच झाले तर रेडियल मागे. पण रेसच्या गाडीला तेही नको, चारही एकाच जातीचे घ्या. गोव्यात कायमचा रेस ट्रॅक नाही, गाडी न्यायची ती कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकला किंवा चेन्नईच्या ट्रॅकला. एवढा ट्रेलरचा खर्च करणाऱ्याने दोन टायरांत काटकसर करावी हे मला तरी पटत नाही. संदेश पुढे पाठवणारच असाल तर बाकीचं राहू दे, ही ओळ तेवढी खोडून पाठवा.