फॉल-पिकोच्या दुकानात काय घडतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पाच बायकांच्या त्या नाटकावरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही, हे तुम्ही स्पष्ट लिहिलंत. नेरूळहून ठाण्याला येऊन, रविवारची दुपार देऊन, पडदा पडेपर्यंत बसून मग लिहिलंत. त्यामुळे ‘प्रतिक्रियेबद्दल आभार’ एवढ्यावर मला थांबवत नाही. सविस्तर लिहिते.

तुमचे आक्षेप असे. नाटकात काही घडत नाही, बायका दोन तास नुसत्या गप्पा मारतात. एकही पुरुष रंगमंचावर येत नाही, म्हणून चित्र एकांगी होतं. ठाण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बायकांनी तालुक्याच्या गावाचं सोंग आणलं आहे. संच हौशी म्हणून मी नको तितकं कौतुक केलं, पण तिकीट लावलं की सवलत संपते. आणि मागच्या रांगांत निम्मं ऐकूच येत नव्हतं.

ज्यांनी प्रयोग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. माण-खटावच्या बाजूचं एक तालुक्याचं गाव. रस्त्याला लागून असलेल्या घराच्या पुढच्या खोलीत फॉल-पिकोचं दुकान. ते चालवणाऱ्या काकू साठीला टेकलेल्या. त्यांच्याकडे चौघी येतात: जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई, अंगणवाडी सेविका, आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या नर्सबाई आणि किराणा दुकानदाराची धाकटी सून. काकूंना मधुमेह आहे, नजर हळूहळू अधू होते आहे, आणि त्या हे कोणाला कळू देत नाहीत. कथानक म्हणाल तर एवढंच.

आता ‘काही घडत नाही’ याबद्दल. माझं लहानपण बार्शीत गेलं. तिथे पुरुषांना एकमेकांना भेटायला कारण लागायचं नाही. पार होता, चहाची टपरी होती, सलूनचा बाक होता. नुसतं बसायला गेलं तरी ‘कशाला आलास’ असं कोणी विचारत नसे. बाईला मात्र दारातच प्रश्न यायचा: ‘काय काम काढलंस?’ म्हणून बायका काम घेऊनच बाहेर पडायच्या. दळण, पाणी, पापड वाळवायला दुसऱ्याची गच्ची, भजनी मंडळ, हळदीकुंकू, पुढे बचत गटाची मीटिंग. मैत्रिणीला भेटायचं तर हातात काहीतरी हवं.

दिग्दर्शिकेने हे नेमकं ओळखलं आहे. तुम्ही आठवून पाहा, पहिल्या अंकात एकही बाई रिकाम्या हाताने एण्ट्री घेत नाही. प्रत्येकीच्या हातात पिशवी आहे आणि पिशवीत साडी आहे. अंगणवाडीताई तर एकच साडी तीनदा आणते. आधी फॉल लावायला, मग ‘कडेला उसवला वाटतं’ म्हणून, मग पिकोला. प्रेक्षक तिसऱ्यांदा हसले, तेव्हा मीही हसले. पण किराणावाल्यांच्या सुनेकडे पाहा. तिची सासू समोरच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसते. सून इकडे आली की सासूची नजर पिशवीवर. तिच्याकडच्या साड्या संपल्या की तिचं येणंही संपणार, हे तिला माहीत आहे. म्हणून ती लग्नात मिळालेल्या साड्या पुरवून पुरवून आणते. शेवटच्या प्रवेशात ती पिशवीशिवाय येते, भर दुपारी, सासूच्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून. काकू विचारत नाहीत, ‘काय आणलंस?’ त्या फक्त स्टूल पुढे सरकवतात. या नाटकातली सर्वांत मोठी घटना ती आहे. तिथवर यायला दोन अंक लागतात, कारण त्या मुलीलाही तेवढा वेळ लागला असता.

दुसरं, तुम्ही लिहिलंत की संघर्ष नाही. मला तर दुसरा अंक सबंध संघर्षाचाच वाटला. काकूंना दिसत नाही हे चौघींना एकेक करून कळतं, आणि प्रत्येकीचं वागणं वेगळं. सुनेच्या निळ्या साडीला काकूंनी हिरव्या दोऱ्याने फॉल लावलेला असतो. ती तीच साडी लग्नात नेसून जाते, एका शब्दाने बोलत नाही. शाळेतल्या बाई दोरे ओवून ठेवलेल्या सुया रुमालाला टोचून आणतात, लाल, राणी, बाटली हिरवा, आणि ‘मुलींच्या शिवणाच्या तासाला उरल्या’ म्हणून मशीनवर ठेवतात. काकू म्हणतात, ‘ठेव तिथं.’ दोघींनाही सगळं कळलेलं आहे. हे सांभाळून घेणं किती प्रेमाचं आहे! नाटक तिथेच संपवलं असतं, तर तुमची तक्रार मी मान्य केली असती.

पण तसं होत नाही, कारण नर्सबाई आहेत. त्यांना माहीत आहे की मधुमेहात डोळ्याचा पडदा खराब होतो तेव्हा दुखत नाही, लाल होत नाही, बरेच दिवस रुग्णाला काही जाणवतही नाही. जे नुकसान झालं ते बहुतेकदा भरून येत नाही. लेसरने किंवा इंजेक्शनने पुढचं थांबवता येतं, तेही वेळेत गेलं तरच. म्हणून मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा तरी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा असतो, दिसत असलं तरीसुद्धा. त्यांच्या हिशेबाने मैत्रिणींचा हा सगळा हळुवार समजूतदारपणा काकूंचे उरलेले डोळे घालवतो आहे. शाळेतल्या बाईंच्या हिशेबाने काकूंना चारचौघींत ‘तुम्हाला दिसत नाही’ म्हणणं म्हणजे त्यांचं दुकान, त्यांची पत, त्यांचं एकटीने उभं राहणं काढून घेणं आहे. दोघी खऱ्या आहेत. दोघींचं त्या काकूंवर सारखंच प्रेम आहे.

आणि हे भांडण कसं बसवलं आहे? दोघी मिळून एक साडी घडी करतात. दोन टोकांना दोघी, आवाज दाबून, कारण काकू आत चहा टाकायला गेल्या आहेत. प्रत्येक घडीला दोघी एकमेकींजवळ येतात, टोकं जुळवतात, पुन्हा लांब जातात. शब्द धारदार होत जातात आणि हात मात्र काठाला काठ लावत राहतात. साडीची शेवटची घडी पडते तेव्हा दोघी समोरासमोर, वीतभर अंतरावर, आणि नर्सबाई म्हणतात, ‘मान राखायचा का डोळे?’ आतून कप वाजतात. व्यावसायिक रंगभूमीवरसुद्धा इतकं नेमकं ब्लॉकिंग, म्हणजे पात्रांच्या हालचालींची आखणी, मी फार क्वचित पाहिलं आहे. आवाज चढला नाही, दार आपटलं नाही, कोणी रडलं नाही, म्हणून संघर्ष नाही असं मी तरी म्हणणार नाही.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. काम करता करता बोलणं ही आपल्याकडच्या बायकांची जुनी रीत आहे. जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला दोघींचे हात. सासुरवास, माहेर, नवऱ्याचा मार, लेकराचं दुखणं, सगळं ओवीत यायचं, आणि ऐकायला शेजी असायची. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या बोलण्याला ‘नुसत्या गप्पा’ म्हणायला तुम्हीही धजणार नाही. फॉल-पिकोच्या दुकानातलं बोलणं त्याच घराण्यातलं आहे.

पुरुष नसण्याबद्दल. रंगमंचावर पुरुष नाही हे खरं, पण नाटकात पुरुष भरपूर आहेत. नर्सबाईंचा मुलगा फोनवर आहे, सुनेचा नवरा बाहेरून हाक मारतो, काकूंच्या गेलेल्या यजमानांचा फोटो भिंतीवर आहे. ते त्या खोलीत येत नाहीत, कारण खऱ्या गावातही ते त्या खोलीत येत नाहीत. लेखिकेने पुरुषांना डावललं, असं तुम्ही लिहिलंत. रॉबर्ट हार्लिंग या अमेरिकन लेखकाने १९८७ मध्ये ‘स्टील मॅग्नोलियाज’ लिहिलं. लुइझियानातल्या एका लहान गावातलं ब्यूटी पार्लर, सहा बायका, रंगमंचावर पुरुष एकही नाही. त्याची बहीण मधुमेहातून उद्भवलेल्या गुंतागुंतीने गेली होती, त्या दुःखातून ते नाटक आलं. १९८९ मध्ये त्याचा चित्रपट झाला तेव्हा त्यात पुरुष पात्रं आली, पण मूळ नाटकाला त्यांची गरज भासली नव्हती. म्हणजे पुरुषांना बाहेर ठेवायचा निर्णय पुरुष लेखकही घेतो, जेव्हा त्याला त्या खोलीतलं बोलणं नीट ऐकायचं असतं.

शिवाय आपल्या रंगभूमीचा इतिहास आठवा. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा सीताही पुरुषानेच केली. पुढे कितीतरी दशकं मुख्य प्रवाहातल्या नाटक कंपन्यांमध्ये बायकांची कामं पुरुषच करत. ‘आंधळ्यांची शाळा’ने १९३३ मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या, ही तेव्हा बातमी होती. बालगंधर्वांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की त्या सगळ्या काळाला आपण एकांगी म्हटलं नाही, सुवर्णकाळ म्हटलं. मग पाच बायकांनी दोन तास रंगमंच आपल्याकडे ठेवला, तर त्यावर तो शब्द इतक्या लवकर का यावा?

‘सोंग’ हा शब्द मला लागला, हे लपवत नाही. या पाचजणींपैकी कोणी वर्तकनगरला राहते, कोणी कळव्याला, एक ऐरोलीहून ट्रान्स हार्बर लोकलने तालमीला येते. पण प्रयोगानंतर त्यांच्याशी बोलले तेव्हा कळलं, बहुतेकींचं माहेर फलटण, विटा, दहिवडी असल्याच गावांत. लग्न होऊन ठाण्यात आल्या, घोडबंदर रोडचे टॉवर नंतर उभे राहिले. ठाणं असंच भरलं आहे. त्यांच्या तोंडी जी भाषा होती ती त्यांनी तालमीत शिकलेली नव्हती. उलट दिग्दर्शिकेला ती थोडी आवरती घ्यायला लावावी लागली. त्यातल्या एकीने मला सांगितलं, सोसायटीत पंधरा वर्षं काढली, पण बेल वाजवून नुसतं बसायला जावं असं एकही दार झालं नाही. तालमीमुळे चार दारं झाली. तुम्ही त्या गावाला लांबचं समजलात. त्या मात्र अजून त्याच प्रश्नाशी झगडत आहेत, लिफ्ट असलेल्या इमारतीत.

राहिला हौशीपणा. सवलत द्यावी असं माझंही मत नाही, आणि लेखात मी ती दिलेली नाही. नेपथ्य कच्चं होतं हे मी लिहिलं होतं, पहिल्या अंकातलं पार्श्वसंगीत काढून टाकावं हेही लिहिलं होतं. पण ‘हौशी’ हा शब्द तुम्ही कमीपणाने वापरलात, तो मला मान्य नाही. १९६७ मध्ये ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पहिल्यांदा उभं राहिलं ते रंगायन या प्रायोगिक नाट्यसंस्थेने राज्य नाट्य स्पर्धेसाठी केलं म्हणून. पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा आणि संध्याकाळी तालीम, अशाच माणसांनी मराठी रंगभूमीला कितीदा पुढे नेलं आहे. तिकिटाचं म्हणाल, तर नाट्यगृहाचं भाडं, प्रकाशयोजनेचं सामान, टेम्पो, संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडचं प्रमाणपत्र, यातलं काहीही हौशी संचाला माफ होत नाही. तालीम नौपाड्यातल्या एका शाळेच्या वर्गात, वर्ग सुटल्यावर, बाकं हलवून. स्वयंपाक उरकून यायचं आणि नऊच्या आत घरी पोचायचं. पन्नास जणींनी फुकट पास मागितले असतील; त्यांनी तिकीट लावलं आणि ते घ्यायला सांगितलं, याचा मला आनंद आहे. आपल्या कामाला किंमत लावणं या बायकांना सोपं गेलेलं नाही.

आवाजाबद्दल तुमचं निरीक्षण रास्त आहे. मी चौथ्या रांगेत होते, मला ऐकू आलं. मागे आलं नसेल याचं कारण मला दिसतं. शिवणकाम करताना मान खाली जाते, मान खाली गेली की आवाज मशीनमध्ये जातो, आणि त्यात हे दबक्या आवाजातलं नाटक. रंगमंचावर कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत फेकावी लागते, ती वाक्याचा शेवट न गिळता. यावर तालमीतच काम व्हायला हवं. माईक वाढवून ते सुटणार नाही. मशीन प्रेक्षकांकडे तिरकं ठेवलं तरी बराच फरक पडेल. दिग्दर्शिकेला मी तुमची ही सूचना कळवली आहे. आणखी एक, हे नाटक मोठ्या नाट्यगृहाचं नाहीच. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहातल्या मिनी थिएटरसारखी जागा त्याला मिळायला हवी, जिथे सुईत दोरा गेला की नाही हे शेवटच्या खुर्चीलाही दिसेल.

तशा जागी प्रयोग लागला की इथे कळवेन. ठाणं तुम्हाला लांब पडत असेल, तर वाशीचा प्रयोग लावण्याबद्दल त्यांच्याशी बोलते. नवी मुंबईतल्या एखाद्या महिला मंडळाची ओळख असेल तर तुम्हीही सुचवा. पुन्हा पाहूनही तुमचं मत हेच राहिलं, तर तेही इथेच सविस्तर लिहा. फक्त त्या वेळी पिशव्यांकडे लक्ष ठेवा.