खुलासा: हिल्सबरोचं गेट प्रेक्षकांनी तोडलं नव्हतं

स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फिरतो: १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर दारू प्यायलेल्या, बिनतिकीट लिव्हरपूल क्लबच्या समर्थकांनी गेट तोडलं आणि माणसं मेली. हे साफ खोटं आहे.

गेट पोलिसांच्याच हुकमाने उघडलं गेलं. मैदानाच्या लेपिंग्ज लेन या टोकाला उभ्याने सामना पाहणाऱ्या १०,१०० तिकीटधारकांसाठी फिरती दारं होती अवघी ७! बाहेर गर्दी तुंबली, म्हणून गेट उघडलं. पण समोरचा, उभ्याने पाहण्याच्या जागेतल्या मधल्या कप्प्यांकडे नेणारा बोगदा कुणी बंद केला नाही. लोक थेट त्या आधीच खच्चून भरलेल्या कप्प्यांत शिरले. पुढे लोखंडी जाळी, तिला अरुंद दारं. दाबाने एक कठडा कोसळला. बाजूच्या कप्प्यांत मात्र जागा मोकळी होती, हे वाचताना आजही पोटात कालवतं. मैदानाचं सुरक्षा प्रमाणपत्र १९७९ चं. नंतर आत बदल झाले, पण कागद तोच राहिला.

९७ जीव गेले. २०१६ मध्ये या मृत्यूंच्या न्यायालयीन चौकशीतल्या ज्युरीने समर्थकांना दोषमुक्त केलं. तोवर मृतांच्या घरच्यांनी २७ वर्षं हा कलंक सोसला. तो मेसेज आला तर कृपया पुढे पाठवू नका, पाठवणाऱ्यालाही हे सांगा.