'सर बेन्फ्रो' कुणी सरदार नव्हे

वेल्समधल्या द्विभाषिक (वेल्श-इंग्रजी) पाटीचा फोटो फिरतोय: वर 'Sir Benfro', म्हणजे इंग्रजीसारखं वाचलं तर 'सर बेन्फ्रो', खाली पेम्ब्रोकशायर. सोबत दावा, की हा जिल्हा बेन्फ्रो नावाच्या सरदाराच्या नावावरून ओळखला जातो. हे साफ चूक आहे. वेल्श भाषेत हे 'सीर बेन्व्रो' असं वाचतात (तिथे 'f'चा उच्चार 'व'), आणि 'सीर' म्हणजे जिल्हा. 'सर' पदवीशी त्याचा संबंध नाही. मूळ नाव पेन्व्रो: 'पेन' म्हणजे टोक, 'ब्रो' म्हणजे मुलूख. मुलखाचं टोक! नकाशात बघा, नैर्ऋत्येला समुद्रात घुसलेला तुकडा. मग 'प'चा 'ब' कसा? 'सीर' स्त्रीलिंगी, म्हणून पुढच्या नावाचं पहिलं अक्षर मऊ होतं. आपल्याकडे सामान्यरूपात शब्दाचा शेवट बदलतो, त्यांच्याकडे सुरुवात. त्यामुळे पेम्ब्रोक गाव 'पेन्व्रो'च, जिल्हा मात्र 'सीर बेन्व्रो'. कृपया तो फोटो पुढे पाठवताना हेही जोडा.