दुखणे थांबते, जखम भरायची असते: पिंजऱ्यातल्या विश्रांतीवरील आक्षेपांना उत्तर

कुत्र्याच्या मणक्यातली गादी सरकली आणि पशुवैद्यांनी त्याला काही आठवडे पिंजऱ्यात ठेवायला सांगितले, की एक ठरावीक मजकूर त्याच्या पालकांपर्यंत हमखास पोहोचतो. शब्द दर वेळी थोडे बदलतात, मुद्दे तेच असतात. जिवंत प्राण्याला कोंडून ठेवणे ही क्रूरता आहे. पडून राहिल्याने स्नायू झडतात आणि कुत्रा कायमचा लुळा होतो. वेदनाशामक द्यावे, पाठीला मालिश करावी आणि दोन-चार दिवसांत दुखणे थांबले की त्याला मोकळे सोडावे. पाय गेलेच तर विश्रांतीने काही होत नाही, तेव्हा शस्त्रक्रिया करावी, ती जमत नसेल तर त्याला कायमचे झोपवावे. आणि शेवटी, ‘आमच्या कुत्र्याला आम्ही एक दिवसही कोंडले नाही, तरी तो बरा झाला.’ हे लिहिणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. कुत्र्याचे हाल बघवत नाहीत म्हणूनच असे मजकूर पुढे पाठवले जातात. पण त्यातला सल्ला पाळल्याने वाचू शकणारे पाय जाऊ शकतात, आणि त्याच्या शेवटच्या टोकाला वाचू शकणारा जीवही जातो.

आधी आजार नेमका काय आहे ते पाहू. दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून तंतूंचे मजबूत कडे असते आणि आत मऊ, पाणीदार गाभा असतो. डॅशहंड, फ्रेंच बुलडॉग, बीगल, पेकिनीज अशा जातींत हा गाभा तरुणपणीच सुकू लागतो, त्यात चुना साठतो, आणि एखाद्या दिवशी कडे फाटून तो गाभा वरच्या बाजूला असलेल्या मज्जारज्जूवर जाऊन आदळतो. मोठ्या जातींच्या वयस्कर कुत्र्यांत बहुधा वेगळे घडते. तिथे कडेच हळूहळू फुगत जाऊन मज्जारज्जूला दाबते. हान्सेन या स्वीडिश पशुवैद्यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेली ही दोन प्रकारांची विभागणी आजही वापरली जाते. इथले विवेचन पहिल्या, अचानक होणाऱ्या प्रकाराबद्दल आहे. पाठीत हा प्रकार सर्वाधिक घडतो तो छातीचा ताठ पिंजरा संपून लवचीक कंबर सुरू होते त्या सांध्याच्या आसपास, म्हणजे बाराव्या-तेराव्या छातीच्या मणक्यांत किंवा तेरावा मणका आणि कमरेचा पहिला मणका यांच्यामध्ये. कुत्रा उडी मारतो, झटकन वळतो किंवा अंग झटकतो, तेव्हा नेमक्या याच जागेवर ताण येतो.

आता क्रूरतेचा मुद्दा. घरात ‘शांत ठेवलेला’ कुत्रा प्रत्यक्षात काय करतो ते एकदा जवळून पाहावे. दारावरची घंटा वाजते, तो पडल्या जागेवरून एका झेपेत उठतो, गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय बाहेर फाकतात, ते सावरण्यासाठी तो कंबर पिळतो, आणि दार उघडताच पुढचे पाय पाहुण्याच्या मांडीवर ठेवून मागच्या दोन पायांवर उभा राहतो. हा सगळा प्रकार चार-पाच सेकंदांत आटोपतो. तेवढ्यात फाटलेल्या कड्यावर जो ताण येतो तो टाळण्यासाठीच पिंजरा असतो, कारण तोंडी हुकूम इतक्या वेगाने काम करत नाही. पिंजरा किती मोठा असावा हेही म्हणूनच ठरलेले आहे: मान न वाकवता उभे राहता यावे, पाय पसरून आडवे होता यावे आणि सहज वळता यावे. त्याहून मोठा झाला की धावण्याला आणि उड्यांना वाव मिळतो. खाली न घसरणारे, जाडसर अंथरूण हवे. पिंजरा घरातली माणसे जिथे वावरतात तिथेच ठेवावा. आडबाजूच्या खोलीत ठेवला तर तो एकांतवास होतो, आणि त्या बाबतीत तक्रार करणाऱ्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

काही कुत्री पिंजऱ्यात खरोखर घाबरतात, दारावर धडका देतात, तासन्‌तास ओरडतात. अशा धडका पाठीला उडीइतक्याच घातक आहेत. पण त्यावरचा उपाय पिंजऱ्याचे दार उघडणे हा नाही. पशुवैद्यांना तसे स्पष्ट सांगावे. घाबरलेल्या कुत्र्याला शांत ठेवण्यासाठी गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोनसारखी औषधे वापरली जातात, आणि उड्या न मारणाऱ्या कुत्र्यासाठी छोटे कुंपणही चालू शकते. रोजचे जेवण भांड्यात देण्याऐवजी पोकळ खेळण्यात भरून दिले तर ते चाटून संपवण्यात त्याचा बराच वेळ जातो आणि डोके थकते. लघवी-शीसाठी बाहेर न्यायचे ते उचलून, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली ठेवून, पाठ सरळ राहील असे. खाली ठेवल्यावर गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस, आखूड दोरी, मागचे पाय डळमळत असतील तर पोटाखालून घेतलेल्या टॉवेलचा आधार, आणि काम झाले की लगेच परत.

स्नायूंबद्दलचा दावा अर्धा खरा आहे. हालचाल कमी झाली की मांड्या बारीक होतात, हे डोळ्यांना दिसते आणि त्याने पालक धास्तावतात. परंतु मज्जारज्जूला मार बसल्यामुळे मेंदूचे आदेशच पायांपर्यंत पोहोचत नसतील तर त्या मांड्या मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याच्याही बारीक होतात. त्याचा दोष पिंजऱ्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. मुख्य फरक परत मिळण्याचा आहे. झडलेला स्नायू व्यायामाने पुन्हा भरतो. मज्जारज्जूतल्या मेलेल्या चेतापेशी पुन्हा तयार होत नाहीत. या दोहोंपैकी एक धोका पत्करायचाच असेल तर कोणता, हे ठरवायला फार विचार लागू नये. शिवाय विश्रांती म्हणजे कुत्र्याला नुसते टाकून देणे, असे कोणताही जाणकार पशुवैद्य म्हणत नाही. त्यांनी दाखवून दिल्यावर पडल्या जागीच प्रत्येक सांधा अलगद वाकवणे-सरळ करणे शक्य असते, आणि स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या कुत्र्याची कूस दर काही तासांनी बदलावी लागते, नाहीतर हाडांच्या उंचवट्यांवर जखमा होतात. चालण्याचा व्यायाम नंतर येतो, आणि तोही मिनिटांच्या हिशेबाने वाढवत.

सर्वांत घातक दावा तिसरा आहे: दुखणे थांबले म्हणजे कुत्रा बरा झाला. वेदना आणि सूज औषधाने काही दिवसांत उतरतात. कड्याच्या फटीचे वेळापत्रक वेगळे असते. त्या कड्याला रक्तपुरवठा अत्यंत कमी, त्यामुळे तिथे व्रण तयार होऊन फट बुजायला आठवडे लागतात, आणि तोवर गाभ्याचा उरलेला भाग त्याच वाटेने बाहेर पडू शकतो. म्हणजे तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी अशी अवस्था येते की कुत्र्याला काहीच दुखत नाही, त्याची शेपटी हलते, तो पलंगाकडे बघतो, आणि त्याची गादी मात्र पहिल्या दिवशी होती तितकीच उघडी असते. आजवर वेदनेने त्याला जागेवर ठेवले होते. तो लगाम आपण औषध देऊन काढून घेतला. त्या जागी दुसरा लगाम नसेल तर नुसते वेदनाशामक देणे हे काहीच न देण्यापेक्षा वाईट ठरू शकते. औषध आणि विश्रांती हे एकाच उपचाराचे दोन भाग आहेत, आणि मजकूर नेमका त्यांतला एक भाग उचलतो.

किती आठवडे, यावर प्रामाणिकपणे बोलायला हवे. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरिनरी इंटर्नल मेडिसिन या संस्थेच्या तज्ज्ञांनी 2022 साली या आजाराबद्दल जे सहमतीचे निवेदन काढले, त्यात शस्त्रक्रियेविना उपचार करताना किमान 4 आठवडे हालचालींवर निर्बंध ठेवण्याची शिफारस आहे. अनेक पशुवैद्य 6 ते 8 आठवडेही सांगतात. हा आकडा बराचसा कडे भरून येण्याच्या जीवशास्त्रावर आणि अनुभवावर आधारलेला आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या 223 कुत्र्यांच्या एका अभ्यासात पिंजऱ्यातल्या विश्रांतीचा कालावधी आणि उपचारांचे यश यांचा स्पष्ट संबंध आढळला नव्हता, आणि मजकुराचे समर्थक कधीकधी त्याचा दाखला देतात. पण तो अभ्यास मागे वळून, पालकांना प्रश्न विचारून केलेला होता. कोणी किती कसोशीने कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवले हे त्यातून नीट कळत नाही, आणि ज्यांचा त्रास जास्त त्यांना जास्त आठवडे सांगितले गेले असण्याची शक्यता उरतेच. त्या अभ्यासावरून फार तर इतके म्हणता येईल की 4 आठवडे की 6, हा वाद मिटलेला नाही. चार दिवस पुरतात, असे त्यात कुठेही नाही.

मालिशबद्दल थोडक्यात. पाठीचे आखडलेले स्नायू त्या भागाला आपोआप आधार देत असतात. नेमकी जागा माहीत नसताना तिथे दाब देणे किंवा मणके ‘बसवण्याचा’ प्रयत्न करणे टाळावे. औषधांबद्दल मात्र ठाम बोलायला हवे. माणसांसाठीचे आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याला देऊ नये. त्याने जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. स्टिरॉइड आणि कार्प्रोफेन किंवा मेलॉक्सिकॅमसारखे सूज उतरवणारे औषध एकाच वेळी देण्याने आतड्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते, म्हणून आधी कोणी इंजेक्शन दिले असेल तर ते कशाचे होते, हे दुसऱ्या पशुवैद्यांना सांगणे अत्यावश्यक आहे. या आजारात सरसकट स्टिरॉइड द्यावे, असे वर उल्लेखलेले 2022 चे निवेदनही म्हणत नाही.

‘पाय गेले की विश्रांतीचा उपयोग नाही’ हा दावा सगळ्या कुत्र्यांना एकाच मापाने मोजतो. आजाराच्या पाच पायऱ्या आहेत: पहिली, नुसती वेदना; दुसरी, चाल डळमळीत, पण कुत्रा चालतो; तिसरी, पाय हलतात, पण त्यांवर उभे राहता येत नाही; चौथी, पाय अजिबात हलत नाहीत, पण खोलवरची वेदना, म्हणजे बोट चिमट्याने दाबल्यावर होणारी, कळते; आणि पाचवी, तीही कळत नाही. दुसरी पायरी घरात ओळखू येते ती पंजाच्या पाठीवरून: चालताना पंजा उलटा पडतो, नखे फरशीवर खर्रकन घासतात, आणि तो सरळ करायला कुत्र्याला क्षणभर जास्त लागतो. 2022 च्या निवेदनात एकत्र केलेल्या आकड्यांनुसार शस्त्रक्रिया न करताही पहिल्या तीन पायऱ्यांवरची सुमारे 80 टक्के कुत्री आणि चौथ्या पायरीवरची सुमारे 60 टक्के कुत्री सुधारतात. शस्त्रक्रियेने हे प्रमाण 90 टक्क्यांच्या पुढे जाते, म्हणून चालता न येणाऱ्या कुत्र्यासाठी ती शक्य असेल तर करावीच; पण ती शक्य नाही म्हणून चौथ्या पायरीवरच्या कुत्र्याला झोपवणे म्हणजे दहापैकी सहा वेळा चालू शकणारा कुत्रा मारणे होय. पाचव्या पायरीवर चित्र बदलते. तिथे शस्त्रक्रियेने सुमारे 60 टक्के, तर तिच्याविना जेमतेम पाचांत एक कुत्रा सुधारतो, आणि तिथे पिंजऱ्यावर विसंबून वेळ घालवणे चूक आहे. इथे पिंजऱ्याचे अतिउत्साही समर्थकही चुकतात, हे नमूद करायला हवे.

कुत्रा कोणत्या पायरीवर आहे हे घरी ठरवू नये. पशुवैद्य बोट चिमट्याने दाबतात तेव्हा पाय मागे खेचला गेला, एवढ्यावरून वेदना कळली असे ठरत नाही; ती पाठीच्या खालच्या भागातली प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि मेंदूशी संबंध पूर्ण तुटलेला असतानाही घडते. कुत्र्याने मान वळवून बघितले, ओरडला, चावायला आला, तरच वेदना वरपर्यंत पोहोचली. पालक त्या खेचलेल्या पायाला आशेचे चिन्ह समजतात आणि मौल्यवान तास निघून जातात.

तशीच दुसरी फसगत लघवीची. पाय गेलेल्या कुत्र्याला उचलले की थेंब थेंब लघवी गळते, आणि घरच्यांना वाटते, चला, लघवी तर होते आहे. बहुतेकदा ते तुडुंब भरलेल्या मूत्राशयाचे ओसंडणे असते. अशा मूत्राशयात जंतुसंसर्ग होतो, त्याची भिंत ताणून कायमची सैल पडते. म्हणून हाताने दाबून मूत्राशय रिकामे कसे करायचे हे शिकून घ्यावे लागते, आणि ते दिवसातून अनेकदा करावे लागते. पिंजऱ्यातली विश्रांती अपयशी ठरली असे जे सांगितले जाते, त्यांतल्या काही कुत्र्यांच्या बाबतीत हे शिकवलेलेच नव्हते, असा माझा समज आहे.

राहिला ‘आमचा कुत्रा बरा झाला’ हा दाखला. होतात बरी, पहिल्या पायरीवरची काही कुत्री काही न करताही सावरतात, आणि त्यांचे पालक ते मनापासून सांगतात. ज्यांचे कुत्रे पलंगावरून उतरताना दुसऱ्यांदा कोसळले, ते असा मजकूर पुढे पाठवत बसत नाहीत. वरच्याच 2007 च्या अभ्यासात उपचार सुरू केल्यावर सुमारे 55 टक्के कुत्री बरी होऊन बरीच राहिली, सुमारे 31 टक्क्यांना आजार उलटला आणि बाकीच्यांत उपचार फसले. आजार उलटण्याचे कारण एकट्या त्या गादीत नसते. 2017 साली संशोधकांनी दाखवले की गाद्या अकाली सुकण्याच्या मुळाशी बाराव्या गुणसूत्रावरची एफजीएफ4 या जनुकाची एक जादा प्रत आहे. ती शरीरातल्या प्रत्येक पेशीत असते, त्यामुळे अशा कुत्र्याच्या इतर गाद्याही त्याच वाटेवर असतात. म्हणून विश्रांतीचे आठवडे संपल्यावरही पलंग आणि जिने बंदच राहतात, गाडीत चढायला उतार लावला जातो, आणि वजन उतरवले जाते.

विश्रांती सुरू असताना रोज त्याच वेळी, त्याच चटईवर चार पावले चालवून पंजे बघावेत. काल सरळ पडणारा पंजा आज उलटा पडला, कुत्रा उभा राहीनासा झाला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री पशुवैद्यांकडे न्यावे. पाय गेलेल्या कुत्र्याला पुढच्या काही दिवसांत धाप लागली, पुढचे पायही ढिले पडू लागले आणि श्वास उथळ झाला, तर मज्जारज्जू खालून वरच्या दिशेने मरत चालल्याची ती लक्षणे असतात. खोल वेदना गेलेल्या कुत्र्यांपैकी 10 ते 15 टक्के कुत्र्यांत असे घडते, आणि त्याला कायमचे झोपवण्याचा निर्णय तिथे खरोखर दयेचा असतो.